सात पानी बायोडेटा आणि चार ओळींची नोंद

फाईल जाड होती. वर प्लॅस्टिकचं आवरण, आत चाळीस-पन्नास कागद आणि पहिल्याच पानावर चिकटवलेला पासपोर्ट फोटो. ती घेऊन आल्या होत्या एका प्राध्यापकांच्या सूनबाई. सासरे किनारपट्टीवरच्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली होती, आणि गेल्या वर्षी ते वारले. "सर, पप्पांचं नाव तुमच्या कोशात यायलाच हवं. त्यांचं नाही तर मग कुणाचं यायचं?" एवढं बोलून त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत बसल्या.

एका छोट्या चरित्रकोशाचं काम मी काही वर्षं करतोय, आणि फावल्या वेळात विकिपीडियावरही थोडी खुडबुड असते. नोंद लिहिणं हा या कामातला सोपा भाग. कोणाची लिहायची आणि कोणाला 'सध्या नाही' म्हणायचं, यात माणसं दुखावतात. त्यातही आमदार, क्रिकेटपटू, नट यांचं बरं असतं. निवडून आला की नाही, कसोटी खेळला की नाही, हे दोन मिनिटांत कळतं. प्राध्यापकाचं तसं नाही. पस्तीस वर्षं शिकवलं, हजारो मुलं हाताखालून गेली, गावात सगळे वाकून नमस्कार करतात. आणि कोशवाला विचारतो, "बरं, पण याबद्दल कोणी लिहिलंय का?"

हा प्रश्न उद्धट वाटतो, पण सगळं काम त्याच्यावरच चालतं. विकिपीडियाच्या मराठीत याला 'उल्लेखनीयता' म्हणतात. शब्द थोडा जडच आहे, पण अचूक आहे, कारण त्यात 'उल्लेख' आहे. माणूस मोठा आहे का, हे कोश ठरवत नाही. त्याचा वा त्याच्या कामाचा उल्लेख ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही अशा लोकांनी, पुरेसा आणि विश्वासार्ह जागी करून ठेवला आहे का, एवढंच तो पाहतो. कोशाला स्वतःचे डोळे नसतात. दुसऱ्यांनी पाहून लिहिलेलं तो गोळा करतो. कोणीच लिहिलं नसेल तर नोंदीत भरायला घरच्यांचं प्रेम आणि बायोडेटा एवढंच उरतं.

छापील कोशांच्या काळात याच्या जोडीला जागेची अडचण होती. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड, वाईच्या मराठी विश्वकोशाचे वीस. पान संपलं की विषय संपला. चित्रावशास्त्र्यांनी भारतवर्षाचा चरित्रकोश प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन अशा तीन भागांत केला. पहिला १९३२चा, शेवटचा १९४६चा. प्राचीन भागातल्या ऋषींचे नातेवाईक फाईल घेऊन येत नाहीत. अर्वाचीन भागाच्या वेळी मात्र चित्रावशास्त्र्यांकडे किती टपाल आलं असेल, याची मला पक्की कल्पना आहे. इंटरनेटवरच्या कोशात जागेची अडचण संपली. तरी प्रश्न उरला, कारण अडचण मुळात जागेची नव्हतीच, भरवशाची होती.

या निवडीत चूक झाली की काय होतं, याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. तिघांपैकी एक होत्या वॉटर्लू विद्यापीठाच्या डॉना स्ट्रिकलंड. या विषयात नोबेल मिळवणाऱ्या त्या फक्त तिसऱ्या स्त्री. आधीच्या दोघी मेरी क्युरी १९०३च्या आणि मारिया गेपर्ट-मायर १९६३च्या. लोक विकिपीडियाकडे धावले, तर तिथे त्यांच्या नावाचं पानच नव्हतं. म्हणजे २०१४ साली एक पान झालं होतं, पण मजकूर दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला म्हणून ते काढून टाकलं गेलं. पुढे कोणी तरी नवा मसुदा लिहिला. तो मे २०१८ मध्ये, म्हणजे नोबेलच्या साधारण चार महिने आधी, एका स्वयंसेवकाने परत पाठवला. शेरा असा की जोडलेल्या संदर्भांवरून ही व्यक्ती लेखाला पात्र दिसत नाही.

जगभर टीकेचा पाऊस पडला. पण त्या स्वयंसेवकाच्या जागी मला बसवलं असतं तर मी तरी काय केलं असतं, हा विचार मला सोडत नाही. स्ट्रिकलंड यांचं काम लहान नव्हतं. १९८५ साली, रॉचेस्टर विद्यापीठात डॉक्टरेट करत असताना, त्यांनी जेरार मुरू यांच्याबरोबर एका निबंधात लेसरची एक युक्ती मांडली. प्रकाशाचा अतिशय छोटा ठोका आधी वेळेत ताणायचा, मग त्याची शक्ती वाढवायची आणि शेवटी पुन्हा आवळायचा. थेट वाढवला असता तर त्या प्रचंड शक्तीने यंत्राचंच नुकसान झालं असतं. आज डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियांपासून मोठमोठ्या प्रयोगशाळांपर्यंत ही युक्ती वापरात आहे, आणि तो निबंध त्यांचा पहिलाच होता. हे सगळं भौतिकशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. पण वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लेख लिहिले नव्हते, चरित्र नव्हतं. नोबेल मिळालं तेव्हाही त्या सहयोगी प्राध्यापकच होत्या. पूर्ण प्राध्यापकपदासाठी आपण अर्जच केला नव्हता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

तरीही चूक झाली ती झालीच, आणि ती नियमाच्या आतली होती. विद्वानांसाठी विकिपीडियाचे वेगळे निकष आहेत, कारण वर्तमानपत्रं विद्वानांच्या मागे लागत नाहीत हे तिथल्या लोकांना फार पूर्वी कळलं होतं. त्यातले दोन निकष असे: मोठ्या, निवडक विद्वत्संस्थेने निवडलेला सदस्य वा फेलो; आणि अशा संस्थेचा अध्यक्ष. स्ट्रिकलंड २०१३ साली अमेरिकेतल्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. हे एक वाक्य पाहिलं असतं तरी काम झालं असतं. सामान्य माणसाची फूटपट्टी विद्वानाला लावली, म्हणून घोळ झाला. बातमी आल्यावर पान मात्र तासा-दीड तासात उभं राहिलं.

ते निकष एकूण आठ आहेत आणि त्यातला कोणताही एक पुरतो. त्यातले काही आपल्याकडे अगदी सरळ लागू होतात. मोठ्या विद्यापीठाचा कुलगुरू असेल तर विषय संपला, नोंद होते. राष्ट्रीय पातळीवरचा मोठा पुरस्कार, शांतिस्वरूप भटनागरसारखा, असेल तरी संपला. मान्यवर संशोधनपत्रिकेचा मुख्य संपादक असेल तरी. पण प्राचार्य? विभागप्रमुख? इथेच बायोडेटा आणि निकष यांची फारकत होते. बऱ्याच विद्यापीठांत विभागप्रमुखपद आळीपाळीने येतं. ज्याची पाळी, तो प्रमुख. त्यावरून त्याच्या अभ्यासाबद्दल काही कळत नाही. 'अध्यासन' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. परदेशात एखाद्याच्या नावाने ठेवलेलं मानाचं प्राध्यापकपद, जसं श्रीराम अभ्यंकरांना पर्ड्यू विद्यापीठात होतं, ते विद्यापीठाने नामांकित माणसाला शोधून दिलेलं असतं. आपल्याकडे अध्यासन म्हणजे बहुतेकदा एक छोटं केंद्र असतं, आणि त्याच्या प्रमुखाची जबाबदारी कधी कोणाकडे, कधी कोणाकडे. नाव तेच, वजन वेगळं.

नावापुढच्या अक्षरांकडेही असंच पाहावं लागतं. एफ.आर.एस. म्हणजे लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो. तिथे अर्ज करून घुसता येत नाही. आधीचे फेलो सुचवतात आणि निवडतात. पहिला भारतीय फेलो मुंबईचा होता, जहाजं बांधणारे अर्देशीर कर्सेटजी, १८४१ साली. पण 'एफ' आणि 'आर'ने सुरू होणारी इतर अनेक अक्षरं वार्षिक वर्गणी भरून मिळतात. बायोडेटात दोन्ही एकाच ओळीत, एकाच ठळक ठशात असतात.

चौथा निकष मला विशेष आवडतो, कारण तो शिक्षकाला शिक्षक म्हणून मोजतो: ज्याचं काम अनेक संस्थांतल्या शिकण्या-शिकवण्यावर उमटलं असा माणूस. मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' घ्या. शाळेतल्या मुलांपासून स्पर्धा परीक्षांच्या क्लासपर्यंत ते कोणाच्या हाती नसतं? अशा पुस्तकाच्या लेखकाचे संशोधननिबंध किती, हे विचारण्यात अर्थच नाही.

आता पहिला आणि सर्वांत वापरला जाणारा निकष: आपल्या विषयावर मोठा ठसा. हा ठसा मोजायचा कसा? इथे आकडे येतात, आणि आकडे आले की भांडणं येतात.

होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली एक सोपं माप सुचवलं. त्याला एच-निर्देशांक म्हणतात. एखाद्याच्या निबंधांची उतरती यादी लावायची. ज्याचा इतरांनी सर्वांत जास्त उल्लेख केला तो वर. समजा पहिल्याला ९० उल्लेख, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला २२, चौथ्याला ११, पाचव्याला ६, सहाव्याला ४. पाचव्यापर्यंत उल्लेख क्रमांकापेक्षा कमी नाहीत. सहाव्याला मात्र चारच. म्हणून निर्देशांक ५. शंभर टाकाऊ निबंध लिहून तो वाढत नाही, आणि एखादा भाग्यवान निबंध त्याला आभाळात नेत नाही. हिर्शने भौतिकशास्त्रासाठी अंदाजही दिले: १२च्या आसपास असेल तर सहयोगी प्राध्यापक म्हणून कायम व्हायला ठीक, १८ला प्राध्यापक, ४५च्या वर गेला तर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पंगतीत.

पण 'भौतिकशास्त्रासाठी' हा एक शब्द लोक विसरतात. गणितात माणूस आयुष्यभर थोडेच निबंध लिहितो. उलट कणभौतिकीत हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांपैकी चोवीस पानं लेखक आणि त्यांच्या संस्थांच्या यादीची. त्या यादीतल्या प्रत्येकाच्या खात्यात ते हजारो उल्लेख जमा होतात. आणि ज्याच्या नावाचा तो कण, त्या पीटर हिग्ज यांनी १९६४च्या गाजलेल्या निबंधानंतर आयुष्यात दहासुद्धा निबंध लिहिले नाहीत. आजच्या काळात मला नोकरीच मिळाली नसती, असं ते स्वतःच म्हणायचे. दुसऱ्या टोकाला ऑलिव्हर लोरी. प्रथिनं मोजायच्या पद्धतीवरचा त्यांचा १९५१चा निबंध ३ लाखांहून जास्त वेळा उल्लेखला गेला. हा काही महान निबंध नाही, हे लोरींना स्वतःला मान्य होतं. तो उपयोगी आहे, एवढंच. प्रत्येक प्रयोगशाळेला प्रथिनं मोजावी लागतात.

अलीकडे आपल्या वर्तमानपत्रांत आणखी एक आकडा फार दिसतो: 'जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत अमुक सरांची निवड'. सोबत शाल-श्रीफळाचा फोटो. या यादीत निवड करणारं कोणी नाही. स्टॅनफर्डच्या जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी उल्लेखांचा एक संमिश्र गुणांक काढून विज्ञानाच्या १७४ उपशाखांत माणसांना क्रम लावला, आणि ती यादी दरवर्षी निघते. यादीही एक नाही. एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षाची. बातमीत कोणती, ते सहसा नसतं. आकडा खोटा नाही, पण त्यात कोणी कोणाला निवडलेलं नाही. नोंद लिहिताना असा आकडा मी दाराबाहेर चपलांजवळ ठेवतो. आत यायला त्याला कोणी तरी ओळखीचा साक्षीदार लागतो.

आपल्याकडे हा आकड्यांचा खेळ व्यवस्थेनेच शिकवला. २०१०पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत प्राध्यापकाच्या बढतीसाठी गुणांची मोजणी आली. निबंधाला इतके, परिषदेला इतके, पुस्तकाला इतके. मोजलं जातं ते पिकतं. पैसे घेऊन आठवडाभरात निबंध छापणारी नियतकालिकं गल्लोगल्ली उगवली. २०१८च्या मे महिन्यात आयोगाने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकली. त्यामुळे आज कोणी 'आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत ८४ शोधनिबंध' असं लिहून आणलं की मी आधी त्या नियतकालिकांची नावं वाचतो, आकडा मागाहून.

मराठीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आकडे उलट्या बाजूने खोटं बोलतात. गुगल स्कॉलर, स्कोपस यांच्या जाळ्यात मराठी पुस्तकं जवळजवळ येतच नाहीत. रा. चिं. ढेरे यांचंच पाहा. 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय'ला १९८७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि अॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११ साली आला. विठ्ठलावर काम करणारा कोणीही ढेऱ्यांना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. पण यंत्राला विचाराल तर ते अगदीच सामान्य आकडा दाखवील. इथे निबंधांच्या मागच्या संदर्भसूच्या हाताने उलटाव्या लागतात, जुन्या त्रैमासिकांतली परीक्षणं शोधावी लागतात.

आणि ती शोधताना आपल्या घरची एक अडचण लक्षात येते. आपण विद्वानांवर भरपूर लिहितो, पण बहुतेक कधी? सत्काराला किंवा मरणानंतर. गौरवग्रंथ समिती काढते, त्यात लेख विद्यार्थ्यांचे. स्मरणिका संस्था काढते. मृत्युलेख स्नेही लिहितात. हे लिखाण खोटं नसतं. जन्मसाल, गाव, शिक्षण यासाठी ते सोन्यासारखं असतं. पण ते लिहिणारा माणूस स्वतंत्र नसतो. 'सरांच्या सिद्धांताने अभ्यासाला नवी दिशा मिळाली' हे वाक्य शिष्याने लिहिलं तर भावना, आणि ज्याने सरांना कधी पाहिलेलं नाही अशा परगावच्या अभ्यासकाने तळटीपेत लिहिलं तर साधन. माझ्यासाठी एका तळटीपेचं वजन अख्ख्या गौरवग्रंथाहून जास्त असतं. हे ऐकून अनेकांचे चेहरे पडतात.

या सगळ्या चौकटी बाजूला ठेवून आत येणारी माणसंही असतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. जन्म डहाणूचा, १९०५चा. विद्यापीठात पद नाही, डॉक्टरेट नाही, निर्देशांक तर नाहीच. आपल्या गणिताच्या पुस्तिका ते पदरमोड करून छापत. चार अंकी संख्या घ्या, ३५२४ म्हणू. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० उणे ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ उणे २३५८, आले ६१७४. आता ६१७४ला तेच करा, ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४च. चारही अंक सारखे नसतील तर कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येता. हे कापरेकरांना १९४९ साली सापडलं. अनेक गणितज्ञांना तो पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं. आज 'कापरेकर स्थिरांक' म्हटलं की गणितवेड्या मुलांना कळतं. विद्वानांच्या आठ निकषांत ते नीट बसत नाहीत, पण त्याची गरजही पडत नाही. अनोळखी माणसांनी त्यांच्यावर भरभरून लिहिलं आहे, एवढं पुरे.

आता ती फाईल. मी ती दोन संध्याकाळी वाचली. शोधनिबंध ४१, त्यातले तीसेक कॉलेजच्या वार्षिकांकांत आणि स्मरणिकांत. परिषदा चौदा. विभागप्रमुख अकरा वर्षं. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर दोनदा. एका सामाजिक संस्थेचा आदर्श शिक्षक पुरस्कार, त्याच्या प्रमाणपत्राची रंगीत झेरॉक्स. माझ्या कामाचं यात काहीच नव्हतं, आणि हे त्या बाईंना कसं सांगायचं याचीच मी जुळवाजुळव करत होतो. सातव्या पानाच्या तळाशी 'इतर' म्हणून चार ओळी होत्या. रक्तदान शिबिरात सहभाग. वृक्षारोपण. आणि तिसरी ओळ: 'मच्छीमारांच्या बोलीतील शब्दसंग्रह (पुस्तिका, स्वतः प्रकाशित)'.

मी त्यांना फोन केला. "ताई, ही पुस्तिका आहे का घरी?"

"असेल पत्र्याच्या पेटीत. पण सर, ते काही पुस्तक नाही हो. पप्पांनी स्वतःच्या पैशाने छापलं होतं, विकलंही गेलं नाही."

चौसष्ट पानी निघाली. पिवळी, पिना गंजलेल्या. जाळ्यांची नावं, होडीच्या भागांची नावं, वाऱ्यांची, मासे वाळवण्याच्या पद्धतींची. उधाण आणि भांग यांच्या मधल्या दिवसांना त्या किनाऱ्यावर किती वेगवेगळे शब्द आहेत, याची दोन पानं. प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या वाडीत ऐकला ते. नोकरीच्या कोणत्याही रकान्यात याला गुण नव्हते, म्हणून बायोडेटा करणाऱ्याने ती वृक्षारोपणाच्या खाली टाकली होती. मग मी दोन ग्रंथालयांत जाऊन बसलो. कोळ्यांच्या बोलीवरच्या एका प्रबंधात या पुस्तिकेचे सोळा संदर्भ मिळाले, आणखी एकात पाच. दोन्ही लेखक त्यांचे विद्यार्थी नाहीत. एकाने तर मनोगतात पुस्तिका जुन्या बाजारात सापडल्याचं लिहिलं आहे. मला अजून एक तरी साधन हवं आहे, शक्यतो छापील परीक्षण. ते निघालं तर नोंद होईल, चार ओळींची, आणि त्यात शोधनिबंधांचा आकडा नसेल. सध्या कार्डावर 'प्रलंबित' असं लिहिलंय.

सूनबाई महिन्याला एक फोन करतात. मागच्या आठवड्यात म्हणाल्या, "सर, पेटीत दुसरी प्रत मिळाली. समासात सगळीकडे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय. चालेल का?"

अक्षर सासऱ्यांचंच असणार, म्हणजे स्वतंत्र साधन म्हणून ते चालत नाही. मी म्हटलं, "घेऊन या."